आकडे बरोबरीचे, बळ मात्र नाही

स्टॉकहोममधील ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८०, तर पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती. आकडे जवळपास सारखे असले, तरी दोन्ही देशांचे बळ सारखे नाही. भारताचे सैन्य आणि अर्थव्यवस्था कितीतरी मोठी आहे. ही उणीव पाकिस्तान अण्वस्त्रांनी भरून काढू पाहतो. त्यामुळेच ‘प्रथम वापर नाही’ हे भारताचे धोरण त्याने स्वीकारलेले नाही. दुसरीकडे, भारताला चीनकडील किमान ६०० अण्वस्त्रांचाही विचार करावा लागतो. साहजिकच दोघांना मान्य होईल असा आकडा सापडत नाही.

अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या प्लुटोनियम आणि समृद्ध युरेनियमचे उत्पादन थांबवण्याचा प्रस्ताव जिनिव्हात अनेक वर्षे रखडला आहे. आधीचा साठाही मोजा, असा पाकिस्तानचा आग्रह आहे. त्यामागे विज्ञानाचे साधे कारण आहे. प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात. म्हणजे आज उत्पादन थांबले, तर आजची तफावत जवळपास कायमची होते. दुबळ्या बाजूला असा करार पराभवासारखा वाटतो.

टिकले ते संख्येला हात न लावणारे करार. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या केंद्रांवर हल्ला न करण्याची हमी दोघांनाही सारखीच उपयोगी आहे. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना द्यावी लागते.

क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र या करारात नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि जीवितहानी झाली नाही. पण रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यावरून आत काय आहे, हे कळत नाही. निर्णयासाठी हाती असतात ती काही मिनिटे.

अमृतसर आणि लाहोर यांच्यात जेमतेम ५० किलोमीटरचे अंतर आहे. किरणोत्सारी धूळ वारा नेईल तिकडे जाते. क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या पूर्वसूचनेच्या करारात आणणे आणि चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची माहिती तत्काळ देण्याचे बंधन घालणे, यासाठी कोणालाही आपले एकही अण्वस्त्र कमी करावे लागणार नाही.