बाळाच्या खाऊचा व्यापार : ‘घरगुती’ हा शब्द पुरेसा नाही

कामोठ्याच्या सिडको वसाहतीत अनेक भगिनी घरबसल्या व्यवसाय करतात. मसाले, पापड आणि लोणच्याच्या जोडीला आता नाचणीचे सत्त्व, डाळ-तांदळाची भरड आणि सुक्या मेव्याची पूड असा बाळांचा खाऊही विकला जातो. सकाळी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानक गाठणाऱ्या आयांना अशा तयार पाकिटाची गरज असते. हलाल रोजीचा हा मार्ग चांगलाच आहे. परंतु गिऱ्हाईक सहा महिन्यांचे बाळ आहे आणि त्याला तक्रार करता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

मोठ्या कंपन्यांचा अनुभव ताजा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी सुमारे ३ ग्रॅम वरून घातलेली साखर असल्याचे ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. जर्मनी व ब्रिटनमध्ये तीच कंपनी हा पदार्थ साखरेविना विकत होती. अशा बातमीनंतर पालक घरगुती मालाकडे वळले तर नवल नाही. पण घरगुती म्हणजे निर्धोक, असे थोडेच आहे?

सत्त्वासाठी नाचणी भिजवून, मोड आणून वाळवतात. कोकणच्या पावसाळ्यात ती नीट वाळत नाही. ओल राहिली की बुरशी धरते. काही बुरशींचे विष यकृताला घातक असते आणि खीर कितीही शिजवली तरी ते पुरते जात नाही. शेंगदाण्याची व मक्याची हीच गत आहे. गोडीसाठी मध घालणे तर त्याहून धोक्याचे. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९९२ च्या शिशुआहार कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचा पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाची जाहिरात करता येत नाही. वेष्टनावर बाळाचे किंवा आईचे चित्र चालत नाही. विक्री वाढवण्यासाठी फुकट नमुना किंवा भेटवस्तूही देता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. हा कायदा फक्त बड्या कंपन्यांसाठी आहे, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बाळाचा हसरा फोटो लावून ‘सहा महिन्यांपुढील बाळासाठी’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरवणारी भगिनीही त्यात सापडू शकते. कुरआनने स्तनपानाचा पूर्ण काळ दोन वर्षे सांगितला आहे. त्याच दोन वर्षांना कायदा जपतो, मग तो आपल्याला जाचक का वाटावा?

आमचे मत स्पष्ट आहे. ज्यांना खास शिशुआहारच विकायचा आहे, त्यांनी त्याचा रीतसर परवाना घ्यावा आणि त्याचे कडक नियम पाळावेत. ते झेपत नसेल तर नाचणीचे सत्त्व हे नाचणीचे सत्त्व म्हणूनच विकावे, बाळाच्या नावाने नव्हे. त्यासाठीही अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, तयार केल्याची तारीख व टिकण्याची मुदत लिहावी. दूध, शेंगदाणे, बदाम असतील तर ठळकपणे सांगावे. पावसाळ्यात धान्य खात्रीने वाळवता येत नसेल तर त्या महिन्यांत माल काढू नये. आपल्या जमाती, ट्रस्ट व महिला मंडळे शिलाईचे वर्ग भरवतात. त्यांनी या नोंदणीचे मार्गदर्शनही करावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते तोडले. सत्त्वाचे पाकीट बंद करण्यापूर्वी प्रत्येकीने त्या राशीची आठवण ठेवावी. बरकत त्यातच आहे.