हेड गॅस्केट घरी बदलावे काय?

पुण्याहून नाशिककडे जाताना संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीचा घाट लागतो. वैशाखाच्या उन्हात माणसे आणि सामान भरलेली जुनी मोटार हा घाट चढू लागली, की तापमान दाखवणारा काटा हळूहळू लाल खुणेकडे सरकतो. चालक शहाणा असेल तर गाडी सावलीला घेतो. घाईत असेल तर 'आता माथा आलाच' म्हणून तशीच पुढे रेटतो. माथा येतो खरा; पण मागून पांढरा धूर निघतो, रेडिएटरमधले पाणी आटते आणि इंजिनातले तेल चहासारखे दुधाळ होते. हेड गॅस्केट उडालेले असते!

गॅरेजवाला खर्चाचा आकडा हजारांत सांगतो. लहान मोटारीचे नुसते गॅस्केट मात्र बहुधा काही शेकड्यांत मिळते. मग मनात येते, ते आपणच का बदलू नये? माझे उत्तर असे : जे मोजता येते ते स्वतः जरूर करावे, जे मोजण्याचे साधन आपल्यापाशी नाही, ते जाणत्याकडे सोपवावे.

कुकरच्या झाकणातील रबरी रिंग तुम्ही पाहिली आहे. गॅस्केटचे काम तेच, पण फार कठीण. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये ही पातळ पट्टी दाबून बसवलेली असते. एकीकडे सिलिंडरमध्ये जळणारा वायू, त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट. दुसरीकडे थंड करणारे पाणी. तिसरीकडे वंगण तेल. या तिघांची गाठ पडू द्यायची नाही!

आता थोडे गणित करू. पुष्कळ मोटारींत ठोकळा बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. एक अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ दशलक्षांश पसरते, बीड सुमारे ११ दशलक्षांश. हेडची लांबी ४० सेंटिमीटर धरा आणि तापमान ३० वरून ९० अंशांवर न्या. हेड ०.५५ मिलिमीटर वाढते, ठोकळा ०.२६ मिलिमीटर. म्हणजे रोजच्या प्रवासातही गॅस्केटला जवळजवळ ०.३ मिलिमीटरचा फरक सोसावा लागतो. इंजिन बेसुमार तापले तर हेड वाकडे होते. अशा हेडखाली नवे गॅस्केट घातले, तर तेही उडणारच.

म्हणून नुसते गॅस्केट बदलणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय. पंखा बंद होता काय, थर्मोस्टॅट अडकला होता काय, पाण्याची नळी गळत होती काय, हे आधी शोधले पाहिजे. या तपासाला पैसे लागत नाहीत, डोके लागते.

पुढचे काम मापाचे आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच ते उघडावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखालचे पाणी एकदम उकळून अंगावर येते. जुन्या इंजिनाच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडू नये. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. हेडवर सरळ पोलादी पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मी फट चालते. जास्त असेल तर हेड यंत्रशाळेत घासून घ्यावे लागते. कानशीने ते जमणार नाही. बसवताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंतच आवळायचे. टायमिंगच्या खुणा चुकल्या तर काही इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळतो आणि काटकसर अंगाशी येते.

आता हिशेब मांडा. गॅस्केट, नवे तेल व फिल्टर, कूलंट, घासणावळ, काही इंजिनांत नवे बोल्टही, हा खर्च घरीही चुकत नाही. वाचते ती मजुरी. त्यात टॉर्क रेंच विकत घेतला, तर पहिल्या खेपेस बचत फारशी उरत नाही. पैशांसाठीच करणार असाल, तर माझा सल्ला 'नको' असा आहे. पण यंत्र समजून घ्यायचे असेल, सोबत जाणता माणूस असेल आणि त्या मोटारीची दुरुस्ती-पुस्तिका हाताशी असेल, तर अवश्य करा.

सुरुवात मात्र मोटारीपासून नको. १९७२ साली आलेली लूना आपल्या नगर जिल्ह्याच्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्यासारख्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये झडपा नाहीत, भोवती पाणी नाही. मोजके नट काढले की ते हातात येते. शिक्षकांनी भंगारातले असे एखादे इंजिन शाळेत आणावे. प्रसरणाचा धडा फळ्यावर झाला, की पट्टी आणि फीलर गेज मुलांच्या हाती द्यावे. त्यांतली काही मुले पुढे मोटारी चालवतील. काटा लाल खुणेकडे सरकला, की अर्धा तास थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची किंमत यांतला फरक त्यांना कोणी सांगावा लागणार नाही.