सपोर्ट म्हणजे हमी नव्हे



इंग्रजी शब्दांशी आपले भांडण नाही. मोटर, स्टार्टर, पंप, थ्रेशर हे शब्द आपण कधीच आपले करून टाकले. स्टार्टरच्या पेटीत काय असते, ते घरातले पोरही सांगते. पण एक शब्द असा आहे की तो ऐकून कान किटले, तरी त्याचा अर्थ आपण भलताच धरून बसलो आहोत. तो शब्द म्हणजे 'सपोर्ट'.

एमएसपी म्हणजे मिनिमम सपोर्ट प्राइस. सरकारी मराठीत 'किमान आधारभूत किंमत'. आपल्या तोंडात मात्र 'हमीभाव' बसला आहे. या एका भाषांतराने आपले जेवढे नुकसान केले, तेवढे बोंडअळीनेही केले नसेल. इंग्रजीत हमीला 'गॅरंटी' असा वेगळा शब्द आहे आणि तोही आपल्याला चांगला माहीत आहे. पंप घेतला की दुकानदार गॅरंटीचे कार्ड देतो. पंप बिघडला तर ते कार्ड पुढे करून भांडता येते. एमएसपीचे असे कार्ड कोणाच्या घरात आहे? उसाच्या भावामागे निदान १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश उभा आहे. कापसाच्या आणि ज्वारीच्या एमएसपीमागे केंद्राचा असा कोणताही कायदा नाही. दिल्लीने भाव जाहीर केला आणि व्यापाऱ्याने त्याखाली माल मागितला, तर आपण कोणते कार्ड दाखवणार? कागदावर लिहिले 'सपोर्ट', आपण वाचले 'हमी'. लिहिणाऱ्याने फसवले असेल, पण वाचणाराही गाफील राहिला.

मग सपोर्टचा खरा अर्थ काय? शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ खालून वाहून धरणे. आपल्याकडे याला टेकू म्हणतात. धाब्याच्या घराची तुळई वाकली की खाली टेकू देतात. टेकूने घर उंच होत नाही, मजबूतही होत नाही. आज पडायचे ते उद्यावर जाते, इतकेच. आणि टेकू ज्याच्या मालकीचा, तो वाटेल तेव्हा काढून नेऊ शकतो.

पुढारी मंडळींना हा अर्थ पक्का ठाऊक आहे. १९९० मध्ये चंद्रशेखर यांचे सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या सपोर्टवर उभे राहिले आणि मार्च १९९१ मध्ये कोसळले. १९९७ मध्ये आधी देवेगौडा आणि मग गुजराल यांची तीच गत झाली. सपोर्टवर उभे राहिलेल्याचे काय होते, हे दिल्लीला कोणी शिकवायला नको. त्याच दिल्लीने आपल्यासाठी नेमका हाच शब्द निवडला!

आता गंमत पाहा. हाच शब्द जिनिव्हाच्या कागदांतही आहे. जागतिक व्यापाराच्या करारात प्रत्येक देशाने आपल्या शेतकऱ्यांना किती सपोर्ट दिला याचा हिशेब द्यावा लागतो. 'अ‍ॅग्रीगेट मेजरमेंट ऑफ सपोर्ट' म्हणजे एकूण सपोर्टचे मोजमाप, असे त्याचे नाव. हिशेबाची रीत साधी आहे. सरकारने ठरवलेल्या भावातून बाहेरच्या बाजाराचा भाव वजा करायचा आणि उरेल त्याला मालाने गुणायचे. देशातला भाव जास्त असेल तर शेतकऱ्याला दिले. कमी असेल तर शेतकऱ्याकडून काढून घेतले.

१९८६ ते १९८८ या पायाभूत काळासाठी भारत सरकारने स्वतःच हा हिशेब दिला. त्यात १९ पिके होती. कापूसही होता आणि ज्वारीही. तंबाखू आणि ऊस सोडले तर बाकी सर्व पिकांचे देशातले भाव बाहेरच्या भावापेक्षा कमी निघाले. पिकांवरच्या सपोर्टची बेरीज आली उणे २४,४४२ कोटी रुपये. खत, पाणी, वीज, बियाणे, कर्ज यांवरची सगळी सबसिडी धरली तरी ती भरली ४,५८१ कोटी. म्हणजे सारे जमेस धरूनही शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे १८ टक्के रक्कम शेतकऱ्याकडून काढून घेतली गेली. हा आकडा संघटनेच्या कार्यकर्त्याने सभेत फेकलेला नाही, सरकारने लिहून दिलेला आहे. गावात येऊन 'आम्ही सपोर्ट देतो' म्हणायचे आणि जिनिव्हात जाऊन 'आमचा सपोर्ट उणे आहे' म्हणायचे. दोन्हीकडे शब्द एकच. फरक आहे तो उणे या आडव्या रेघेचा, आणि ती रेघ आपल्या पाठीवर ओढली आहे.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. मग नवे ऐका. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारताचा कापसाचा सपोर्ट मर्यादेबाहेर आहे. मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के, आणि अमेरिकेच्या हिशेबाने तो ५३ ते ८१ टक्के! हा चमत्कार कसा झाला? वजा करायचा बाहेरचा भाव १९८६-८८ चाच गोठवून ठेवला आहे. तीस वर्षांपूर्वीचा भाव रुपयात धरायचा, त्यातून आजची एमएसपी मोजायची आणि मधल्या सगळ्या महागाईला सपोर्ट म्हणायचे. भारत आपला हिशेब डॉलरमध्ये देतो, तेव्हा तो आकडा पार खाली येतो. मजुरी वाढली, डिझेल वाढले, खत वाढले, त्याला अमेरिका म्हणते शेतकऱ्याचे लाड झाले.

आता घरचे पाहू. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची एमएसपी ६,०२५ रुपये होती आणि बाजार तिच्या कितीतरी वर गेला होता. त्या वर्षी आपल्याला कोणाचा टेकू नको होता. बाजाराने वर उचलले, तर सरकारने पाय ओढले. १४ एप्रिल २०२२ पासून आयात शुल्क माफ! त्याआधी ५ मार्च २०१२ रोजी निर्यातीवर बंदी घातली होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे आपली वेचणी सुरू होती, घरात कापूस येत होता आणि बंदरावर बाहेरच्या गाठी बिनशुल्क उतरत होत्या. आधी तुळई कापायची, मग टेकू आणून लावायचा आणि वर सांगायचे, पाहा, आम्ही तुमचे घर पडू दिले नाही!

खोटे बोलायचे नाही म्हणून हेही सांगतो. २०२४-२५ मध्ये सीसीआयने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. ज्यांचा माल केंद्रावर लागला त्यांना बाजारापेक्षा चार पैसे जास्त मिळाले. पडत्या घराला टेकू कामाला येतो, हे कोण नाकारेल? पण त्या टेकूच्याही अटी पाहा. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि १२ च्या वर गेला की माल परत. २०२५ मध्ये त्यात मोबाईलवरच्या 'कपास किसान' नोंदणीची भर पडली. ज्याचा मोबाईल जुना, त्याला पोरगा सांगतो, 'बाबा, तुमचा फोन सपोर्ट करत नाही.' घ्या! या शब्दाचा खरा अर्थ शेवटी त्या पोरानेच सांगितला.

ज्वारीचे तर विचारूच नका. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीची एमएसपी ३,६९९ आणि मालदांडीची ३,७४९ जाहीर झाली. आकडा उत्तम आहे. पण घ्यायला केंद्रच उघडले नाही, तर टेकूचे नुसते चित्र भिंतीला टांगल्यासारखे आहे. उलट जानेवारी २०२३ पासून रेशनवर गहू-तांदूळ फुकट. ज्वारीशी स्पर्धा फुकटाची लावायची आणि वर ज्वारीला सपोर्ट आहे म्हणायचे.

काही जुन्या मंडळींना कापूस एकाधिकार आठवत असेल. १९७२ मध्ये तो आला तोही शेतकऱ्याला आधार म्हणूनच. राज्याबाहेर कापूस नेला तर गाडी अडवायची, आणि आपल्याच मालाच्या चुकाऱ्यासाठी खेटे घालायचे. आधाराच्या दोरीनेच हात बांधले होते. ती दोरी सुटायला तीस वर्षे लागली.

तेव्हा या सभेतून घरी जाताना तीन गोष्टी पक्क्या करून जा. एक, कायदा होईपर्यंत एमएसपीला 'हमीभाव' म्हणायचे बंद करा. नसलेल्या वस्तूला नाव दिले की ती आहे असे वाटू लागते, आणि मग मागणीच थांबते. दोन, जो पुढारी गावात येऊन सपोर्ट दिल्याचे सांगेल, त्याला विचारा, 'अधिक की उणे?' आयातीने आणि निर्यातबंदीने किती काढून घेतले, ते वजा करून सांग म्हणा. तीन, पेरणी झाल्यावर हंगाम संपेपर्यंत आयात-निर्यातीच्या नियमांना कोणी हात लावायचा नाही, असा ठराव प्रत्येक गावाने करून तहसीलदारामार्फत दिल्लीला पाठवावा.

भाव मागताना आपण भीक मागत नाही. आपल्या तुळईवर कोणी कुऱ्हाड चालवली नाही, तर आपले घर आपल्या बळावर उभे राहते. टेकू मागायची पाळी कोणी आणली, हे आधी विचारा. टेकू किती उंच हवा, ते नंतर ठरवू.