पृथ्वीच्या पोटातली वार्ता

‘हे शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या पाचवीला पुजलेला आहे. परंतु न्यूट्रिनोच्या संशोधनाचा विषय निघाला की आपणच तो विज्ञानाला विचारतो, याचा मला खेद वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच.

माणूस चंद्रावर जाऊन आला. पण पायाखाली त्याची मजल किती? रशियातील कोला येथील छिद्र १२ किलोमीटरांच्या थोडे पुढे जाऊन थांबले. पृथ्वीचे केंद्र तर सुमारे ६३७१ किलोमीटर खोल! भूकंपलहरींवरून अंतरंगाची रचना कळते. पण तिथली उष्णता कुठून येते, हे त्यांतून थेट कळत नाही.

युरेनियम व थोरियम यांचे अणू भंग पावतात तेव्हा उष्णता निर्माण होते आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. हे कण पृथ्वी आरपार भेदून येतात. अडतात ते क्वचितच. जपानमधील कामिओकाच्या खाणीत ‘कामलँड’ यंत्रणेने हजार टन द्रव साठवून २००५ साली त्यांचा पहिला मागोवा घेतला. इटलीतील ग्रान सास्सो डोंगराखालच्या ‘बोरेक्सिनो’ला २००७ ते २०१९ या काळात असे जेमतेम पन्नासएक कण गवसले. केवढी ही चिकाटी! २०११ साली कामलँडच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या सुमारे ४४ टेरावॉट उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी किरणोत्सर्गाची आहे. उरलेली ही तिची जन्मकाळची शिदोरी. याच उष्णतेच्या बळावर खंड सरकतात, ज्वालामुखी धगधगतात.

आपला देशही यात मागे नव्हता. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. ती खाण २००१ साली बंद झाली. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात योजलेली न्यूट्रिनो वेधशाळा २०१५ साली केंद्राची मंजुरी मिळूनही विरोधामुळे रखडली. डोंगराची, पाण्याची काळजी वाटणाऱ्या गावकऱ्यांना अडाणी म्हणून हिणवणे मला मान्य नाही. त्यांच्या शंकांना उत्तर त्यांच्याच भाषेत दिले पाहिजे.

आणि भाषा हा तर आपला विषय! प्रयोगशाळेतली वार्ता चावडीपर्यंत पोचवणारा दुभाषा आपल्यातून निघाला, तर ‘उपयोग काय?’ या प्रश्नाला दोन्ही शाखांनी मिळून दिलेले ते उत्तर ठरेल.