अख्खी मोटर की एक गिअर?

पॉप-अप हेडलाइट हा प्रकार आमच्या पिढीला बहुतेक 'नीड फॉर स्पीड' खेळताना भेटला. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर, बंद केलं की पापणी मिटल्यासारखे खाली. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये हे काम चक्क हाताने हँडल फिरवून करायचे. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर होती. २००४ मध्ये लोटस एस्प्रिट आणि कॉर्व्हेट सी-५ यांचं उत्पादन थांबलं आणि ही फॅशन जवळपास संपली.

आता तुम्ही म्हणाल, हे पुराण शहापूर-मुरबाडला कशाला? तिकडे एमएक्स-५ कोण चालवतंय? कोणी नाही. पण तिच्या हेडलाइट मोटरचं सख्खं भावंड तिथल्या प्रत्येक टेम्पोत आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आहे. वायपरची मोटर!

दोन्ही उघडून बघा. आत एक छोटी, भराभर फिरणारी डीसी मोटर. तिच्या दांड्यावर वर्म, वर्मला लागून बहुतेक वेळा नायलॉनचा गिअर, त्यामुळे वेग कमी आणि जोर जास्त. शेवटी एक क्रँक, आणि ठरलेल्या जागी आलं की करंट तोडणारा कॉन्टॅक्ट. हेडलाइटची क्रँक अर्धा फेरा मारून थांबते, वायपरची फिरतच राहते. इतकाच काय तो फरक.

आणि बिघाडही तेच. मोटर घूं घूं करतेय पण दिवा हलत नाही? गिअरचे दात गेले किंवा जोडदांडी निसटली. आवाजच नाही? आधी फ्यूज, रिले आणि अर्थिंग बघा, मग कार्बन. जोर लावत हळूहळू उठतोय? ग्रीस वाळून मेण झालंय. (थोडक्यात, आधी लॉग वाचा, मग सर्व्हर रीस्टार्ट करा. हापिसात हे कोणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.)

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र उत्तर एकच मिळतं, "असेंब्ली बदलावी लागेल सर." शहापूर-मुरबाडकडे शेतातली पाण्याची मोटर जळाली तर पहिला विचार नवीचा नसतो, रिवायंडिंगचा असतो. तीच नजर गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे असते. तो कार्बन घासून बसवतो, आर्मेचर साफ करतो, गिअर जुन्या मोटरमधून काढतो नाहीतर लेथवाल्याकडून करून घेतो. ऐन जुलैत माळशेजच्या वाटेवर वायपर बंद पडलेल्या जीपवाल्याला चार दिवस पार्टची वाट बघणं परवडत नाही. त्याचा धंदा बुडतो.

आमचा एक मित्र म्हणतो, माझ्या तासाचा रेट बघता नवी मोटरच स्वस्त. शिवाय वॉरंटी. एअरबॅग आणि ब्रेकच्या बाबतीत मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे, तिथे जुगाड नकोच. पण वायपरची मोटर म्हणजे रॉकेट सायन्स नव्हे, आणि जुन्या मॉडेलची नवी मोटर मिळतेच कुठे? एमएक्स-५ वाल्यांनी निदान मोटरवर रबरी टोपीखाली एक घुंडी ठेवली होती. मोटर मेली तर ती फिरवून दिवा वर करा आणि घरी जा. मोटर कधीतरी बंद पडणार, हे डिझाइन करतानाच धरलं होतं. हे मला फार आवडतं.

माझं म्हणणं एवढंच की कंपन्यांनी गिअर आणि कार्बन सुटे विकावेत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. छान. पण दुरुस्तीची माहिती मिळणं वेगळं आणि तो गिअर हातात पडणं वेगळं.

दुसरीकडे एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. धूर ओकणारी गाडी भंगारात जाऊ दे, माझी ना नाही. पण जिचं इंजिन ठणठणीत आहे, पीयूसी पास होतंय, ती निव्वळ एका नायलॉनच्या चकतीपायी भंगारवाल्याकडे जात असेल, तर त्यात प्रदूषण कमी कसं झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा.