आधी सिंजारच्या डोंगरावरच्यांना विचारा

इराकमध्ये अमेरिकेने हस्तक्षेप करावा का, यावर आपले विद्वान तावातावाने भांडतात. आम्ही विचारतो, ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारच्या डोंगरावर पाण्यावाचून अडकलेल्या यझिदींना साम्राज्यवादावरचे व्याख्यान पाजायचे होते का? 'इसिस'ने त्यांचे पुरुष मारले, स्त्रिया गुलाम म्हणून विकल्या. तेव्हा बाहेरची मदत हवीच होती.

पण २००३ मध्ये चढाई करून, इराकी सैन्य बरखास्त करून या आगीला सरपण अमेरिकेनेच पुरवले, हेही ठणकावून सांगा. बॉम्बने वेढा फुटतो. हक्क मिळत नाहीत. बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये घटनात्मक संरक्षण मागितले, बहुसंख्याकांची दया नव्हे. यझिदींनाही तेच हवे. मित्रांनो, वॉशिंग्टनची बाजू नको, बगदादचीही नको; डोंगरावरच्यांची घ्या.

जय भीम!