मुदत संपलेली किल्ली

बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाच्या हाताला एक वळण पडलेले असते. मुदत संपलेली वस्तू दिसली, की तिच्यावर आडवी रेघ. या वळणानेच गेल्या दिवाळीत माझा घात केला.

आमच्या संगणक विभागात माझा एक मित्र होता. निवृत्तीनंतर माझ्या कादंबऱ्यांचे खर्डे मी त्याला ई-मेलने धाडी आणि तो ते निर्दयपणे तपाशी. अट एकच : पत्र कुलूपबंद हवे. "खर्डा काय पोस्टकार्डावर लिहून पाठवतोस?" असे म्हणून त्यानेच माझ्या संगणकात ती सोय बसवून दिली.

कल्पना तशी जुनी. डिफी आणि हेलमन यांनी ती १९७६ साली मांडली. किल्ल्या दोन. एक जगजाहीर, तिने कुणीही तुमच्या पत्राला कुलूप लावावे. ते उघडते मात्र तुमच्याजवळच्या खासगी किल्लीनेच. जाहीर किल्ली खरोखर तुमची आहे, असा एखाद्या संस्थेने दिलेला दाखला म्हणजे प्रमाणपत्र. त्याची मुदत वर्ष-दोन वर्षांची, आणि नव्या प्रमाणपत्राबरोबर बहुधा नवी किल्ली येते. ओपनपीजीपी म्हणून आणखी एक पद्धत आहे, तिच्यात किल्ल्या आपणच घडवायच्या. एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला चालत नाही. मित्राला दोन्हींची हौस, त्यामुळे माझ्या संगणकात किल्ल्यांचा हा जुडगा झाला!

दोन वर्षांपूर्वी तो गेला. दिवाळीच्या साफसफाईत मला तीन प्रमाणपत्रांपुढे उलटून गेलेल्या तारखा दिसल्या. पुसली. 'खात्री आहे?' असे प्रोग्रॅमने विचारले. साहेबाला खात्री कधी नसते? रात्री मित्राचे एक पत्र उघडले, तर आत काही नाही. माझ्या पत्रांच्या प्रतीही माझ्याच किल्लीने बंद झालेल्या, त्याही गेल्या.

मुदत संपते ती नव्या व्यवहारापुरती. जुने पत्र दहा वर्षांनीसुद्धा त्याच जुन्या किल्लीने उघडते. वास्तविक हे मला कळायला हवे होते. शाखेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांकडे असत, डुप्लिकेट सीलबंद लखोट्यात दुसरीकडे, आणि किल्ली या हातातून त्या हातात जायची तर रजिस्टरवर सह्या. घरी मात्र ना रजिस्टर, ना लखोटा.

तरी सगळा दोष मी पदरात घेणार नाही. १९९९ साली अमेरिकेत व्हिटन आणि टायगर या दोघांनी १२ जणांना अशा प्रोग्रॅमपुढे दीड तास बसवले. पत्रावर सही करून ते नीट कुलूपबंद करणे त्यांतल्या एकतृतीयांश लोकांनाच साधले. त्यानंतर पडद्यावरची चित्रे देखणी झाली, पण प्रश्न अजून 'खात्री आहे?' एवढाच. 'ही किल्ली टाकलीत तर तुमची इतकी पत्रे कायमची बंद होतील', एवढे वाक्य लिहायला काय हरकत होती? आमच्या शाखेतल्या शिपायानेही किल्ली फेकण्याआधी विचारले असते, "साहेब, ही कुठल्या कपाटाची?"

भाच्याने एका पेनड्राइव्हवरून दोन किल्ल्यांच्या प्रती शोधून काढल्या. त्यांचा पासवर्ड माझ्या डायरीच्या मागच्या पानावर, मित्राच्याच अक्षरात. तिसरीची प्रत कुठेच नाही.

आता मी एक वही घातली आहे. किल्ली केव्हाची, कोणत्या पत्त्याची, प्रत कुठे. नवा पासवर्ड अर्धा माझ्याकडे, अर्धा सौभाग्यवतींकडे. "तुमची बँक मी का चालवू?" असे त्या म्हणाल्या, पण लिहून घेतला.

तिसऱ्या किल्लीपुढे 'हरवली' अशी नोंद आहे. तिच्या काळातली पत्रे मी पुसलेली नाहीत. या पद्धतीत मजकूर बंद असला तरी तारीख आणि विषय वरून वाचता येतात. एका पत्राचा विषय आहे, 'शेवटचं प्रकरण बदल'. कसे, ते आत आहे.